वाटाड्या घ्यावा की नकाशा?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात दर वर्षी एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीची सोडत निघते. अर्ज करायचा, शुल्क भरायचे, नाव निघते का ते पाहायचे. म्हाडाच्या घरांसाठी आपण करतो तसेच. या सोडतीची वाटणी मात्र मोठी बोलकी आहे. किमान ८४ टक्के परवाने राज्याच्या रहिवाशांना. १० टक्क्यांपर्यंत अशांना, ज्यांनी अर्जाआधीच एखाद्या नोंदणीकृत आउटफिटरशी करार केलेला आहे. आणि फार तर ६ टक्के त्यांना, जे परराज्यातून येतात आणि सगळे स्वतःच्या बळावर करू म्हणतात. बंदूक कोणती, बूट कोणते, हे प्रश्न पुढचे. पहिल्यांदा एल्कच्या मागावर निघणाऱ्याला कायदाच उंबरठ्यावर थांबवून विचारतो: वाटाड्या घेऊन येणार, की नुसता नकाशा?

आउटफिटर म्हणजे शिकारीची सारी मांडामांड करून देणारा व्यावसायिक. तंबू त्याचे, घोडे-खेचरे त्याची, स्वयंपाकी त्याचा, आणि डोंगर तोंडपाठ असलेला गाइडही त्याचाच. दुसरा रस्ता स्वतःचा: परवान्यापासून पातेल्यापर्यंत सगळे आपणच जमवायचे, अनोळखी डोंगरात आपणच शिरायचे आणि जे मिळेल ते आपणच पाठीवरून खाली आणायचे.

शिकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मचाण, हाकारे आणि मेलेल्या वाघाशेजारी उभे असलेले संस्थानिक येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दार आपल्याकडे बंद झाले, आणि ते फार बरे झाले. म्हणूनच रॉकी पर्वतातली ही व्यवस्था समजून घेऊ लागले की थक्क व्हायला होते. तिथे शिकारी म्हणजे बहुधा साधा माणूस असतो. ओहायोतला नळदुरुस्तीवाला, आयोवातली शिक्षिका. वर्षभर पैसे साठवून, रजा टाकून, दोन दिवस गाडी हाकत ती माणसे त्या डोंगराशी पोचतात. कारण तिथल्या कायद्याने रानातला प्राणी कोणा राजाचा किंवा जमीनदाराचा नसतो. तो जनतेचा असतो आणि राज्य त्याचे विश्वस्त असते.

आणि प्राणी तरी कसा! आपल्या सांबराचा हा लांबचा भाऊबंद, पण थोराड. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. डोक्यावरची शिंगे दर वर्षी गळतात आणि दर वर्षी नव्याने उगवतात. उन्हाळ्याच्या भरात ती दिवसाला अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात. हाड इतक्या वेगाने वाढण्याची दुसरी उदाहरणे प्राणिसृष्टीत शोधावी लागतात. सप्टेंबरात नर माजावर येतो तेव्हा त्याचा आवाज डोंगरभर घुमतो. खोल घोगऱ्या सुरात सुरू होऊन तो चढत चढत कर्कश शिटीपर्यंत जातो आणि शेवटी हुंकारांत मोडतो. त्या आवाजाचे विश्लेषण करणाऱ्या अभ्यासकांना दिसले, की एल्क एकाच वेळी दोन आवाज काढतो. स्वरतंतूंचा खर्ज दीडशे हर्ट्झच्या आसपास, आणि त्याच श्वासात चार हजार हर्ट्झपर्यंत चढणारी शीळ. एका गळ्यातून दोन स्वर. ऐकणाऱ्याला हा तीनशे किलोंचा प्राणी बोलतो आहे हेच खरे वाटत नाही.

हा प्राणी जवळजवळ संपला होता. युरोपीय लोक येण्याआधी उत्तर अमेरिकेत कोटीभर एल्क असावेत असा अंदाज आहे; १९०० च्या सुमारास ते लाखाच्याही खाली आले. मांसासाठी, कातड्यासाठी, दातांसाठी बाजाराने त्यांना खाल्ले. मग १९०० चा लेसी कायदा आला आणि बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार गुन्हा ठरला. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. त्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. कोलोरॅडोने तर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वायोमिंगमधून एल्क आणून आपल्या रिकाम्या डोंगरांत सोडले. आज त्या एका राज्यात तीन लाखांच्या आसपास एल्क आहेत आणि साऱ्या खंडात मिळून सुमारे दहा लाख. परवान्याचा प्रत्येक डॉलर या हिशेबात जातो. मारणाऱ्याच्या पैशावर जगवण्याचे काम चालते, ही गोष्ट पचायला जड आहे. पण आकडे समोर आहेत आणि ते नाकारता येत नाहीत.

आता गुंता सुरू होतो. एल्क सर्वांचा, मान्य. पण तो उभा आहे ती जमीन कोणाची? अमेरिकेत वनखात्याकडे सुमारे ७.८ कोटी हेक्टर आणि भू-व्यवस्थापन विभागाकडे जवळपास ९.९ कोटी हेक्टर सार्वजनिक जमीन आहे. दोन्ही मिळून पाच महाराष्ट्र मावून वर उरेल एवढी. त्यात वाळवंट आले, अलास्का आले, तरी रॉकी पर्वताचा फार मोठा भाग कोणीही पायी फिरावा असा मोकळा आहे. स्वतःच्या बळावर जाणाऱ्याचे सारे स्वप्न या मोकळेपणावर उभे आहे.

पण काही ठिकाणी हा मोकळेपणा बुद्धिबळाच्या पटावर मांडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक चौरस मैल बक्षीस दिले गेले. मधले चौरस सरकारकडे राहिले, रेल्वेचे पुढे खासगी मालकांकडे गेले. सरकारी चौरस एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकतात. त्या बिंदूवरून पलीकडच्या सरकारी चौरसात पाऊल टाकताना खांदा क्षणभर खासगी मालकाच्या हवेतून जातो. हे अतिक्रमण होते का? २०२१ मध्ये मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी वायोमिंगच्या एल्क माउंटनवर कोपऱ्यावरून चक्क शिडी टाकली आणि मालकाच्या मातीला न शिवता पलीकडे उतरले. त्यांच्यावर फौजदारी झाली, त्यातून ते सुटले. मग जमीनमालकाने लाखो डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. मार्च २०२५ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. खटल्याच्या मुळाशी शिडीच्या चार पायऱ्या होत्या, आणि त्यांवरून प्रश्न मोकळा झाला तो लाखो एकरांचा.

नकाशा घेऊन जाणाऱ्याला असला बारकावा कळावा लागतो. सुदैवाने आज फोनवर जमिनीच्या मालकीच्या सीमा दाखवणारी अॅप्स आहेत. हिवाळ्यात घरी बसून उपग्रहचित्रांवर गवताळ मोकळवने, पाणवठे, उत्तरेकडे तोंड करून असलेले दाट झाडीचे उतार खुणा करून ठेवता येतात. स्वतः आखणी करणाऱ्याची निम्मी शिकार अशी दिव्याच्या उजेडात होते, आणि ज्यांना नकाशे वाचायला आवडतात त्यांना हा भागच अधिक गोड वाटतो. चित्रात जे दिसत नाही ते मात्र वाऱ्यासारखे असते.

वाऱ्याबद्दल जरा थांबून सांगायलाच हवे. शाळेच्या भूगोलात आपण पर्वतीय वारे आणि दरीय वारे शिकतो. रात्री थंड झालेली जड हवा उतारावरून दरीत उतरते. ऊन पडले की हवा तापून उतारावरून वर चढू लागते. एल्कचे सारे दैनंदिन आयुष्य या एका नियमावर रचलेले आहे. रात्री तो मोकळवनात चरतो. उजाडताच झाडीकडे चढू लागतो आणि उताराच्या वरच्या तिसऱ्या भागात, एखाद्या सपाट पायरीवर बसून रवंथ करतो. माथ्यावरून येणारा वारा त्याला पाठीमागची बातमी देतो आणि दरीतून वर चढणारी ऊबदार हवा खालची. त्याच्या जागेवर बसून विचार केला, तर दबकत जायला एकही दिशा उरत नाही. खालून चढणाऱ्या माणसाचा वास त्या माणसाच्या कितीतरी आधी त्याच्यापाशी पोचलेला असतो. आणि सकाळी ऊन उताराला लागते, तेव्हा वारा खालून वर फिरण्याआधी काही वेळ नुसता घुटमळतो, कुठेही वाहतो. चांगला गाइड त्या वेळी पाहुण्याला खाली बसवतो, बारीक पावडरची कुपी दाबून धूळ कुठे जाते ते पाहतो आणि हलत नाही. नवखा नेमका त्याच वेळी अधीर होऊन पुढे सरकतो.

आउटफिटरकडे आपण पैसे मोजतो ते मुख्यतः या ज्ञानासाठी. अमुक घळीत दहा वाजता वारा उलटा फिरतो, पहिला बर्फ पडला की कळप तमुक खिंडीतून उतरतो, ही बातमी कुठल्याही नकाशात नसते. ती एकाच डोंगरात वर्षानुवर्षे वावरलेल्या माणसाच्या पायांत असते. पूर्ण देखरेखीच्या आठवडाभराच्या शिकारीला साधारण सहा ते दहा हजार डॉलर पडतात. खासगी रँचवर, जिथे इतर शिकाऱ्यांची गर्दी नसते, त्याहून पुष्कळ जास्त. परवान्याचे पैसे वेगळे. परराज्यातल्या माणसाला कोलोरॅडोत नुसता एल्कचा परवाना आठशे डॉलरच्या घरात जातो. एवढे करून एल्क मिळेलच अशी हमी प्रामाणिक आउटफिटर देत नाही. जो देतो त्याच्यापासून लांब राहावे. कोलोरॅडोत सर्व शिकारी मिळून पाहिले तर साधारण पाचांतला एक यशस्वी होतो. धनुष्यबाण घेणाऱ्यांचे प्रमाण त्याहून कमी.

काही ठिकाणी निवड आपल्या हातात राहतच नाही. वायोमिंगच्या संरक्षित निर्मनुष्य वनांत, म्हणजे १९६४ च्या विल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या, जिथे इंजिनच काय, सायकलचे चाकही चालत नाही अशा प्रदेशांत, परराज्यातल्या माणसाला मोठ्या प्राण्याची शिकार एकट्याने करता येत नाही. परवानाधारक गाइड हवा, किंवा त्या राज्याचा रहिवासी सोबत हवा. तो रहिवासी यासाठी विनामूल्य परवाना काढू शकतो. त्याच वनात कॅमेरा घेऊन तुम्ही महिनाभर एकटे भटकलात तरी कोणी अडवणार नाही. सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाते. मला या नियमात स्थानिक धंद्याचे हित अधिक दिसते. पण ते काहीही असो, वायोमिंगचा अर्ज भरताना हा नियम ठाऊक नसेल, तर परवाना हातात येऊनही उत्तम डोंगर दुरूनच पाहावा लागेल.

आता खरी गोष्ट. पहिल्या शिकारीची आखणी करणारा जवळजवळ प्रत्येक जण एल्क सापडेल कसा याचा विचार करतो. विचार सुरू व्हायला हवा गोळी लागल्यानंतरच्या क्षणापासून. वाटाड्या की नकाशा, याचे उत्तर तिथे आहे.

तीन हजार मीटर उंचीवर, गाडीपासून पाच किलोमीटरवर, तीनशे किलोंचा प्राणी पडला आहे. संध्याकाळ होते आहे. त्याची कातडी जाड आणि लोकर दाट, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि मांस हाडाजवळून आंबू लागते. म्हणून लगेच कातडी काढायची, चार फऱ्या सुट्या करायच्या, पाठीच्या कण्यालगतचे लांब मऊ मांस काढायचे, सगळे हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगायचे. ग्रिझली अस्वलाचा मुलूख असेल तर आतड्यांपासून दूर. हाडे काढून टाकली तरी नराचे ऐंशी ते शंभर किलो मांस उरते. एका माणसाने पाठीवर वीस-पंचवीस किलो घेतले तर चार-पाच फेऱ्या. पाच किलोमीटर जायचे, पाच यायचे, विरळ हवेत, अंधारात, पडलेल्या झाडांवरून. दमलो म्हणून सोडून देता येत नाही. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा आहे, आणि मला वाटते, या साऱ्या कायद्यांत हा सर्वांत सुंदर. तुम्ही एक जीव घेतलात. आता त्याच्या वजनातून तुमची सुटका नाही. विकूनही सुटका नाही, कारण रानातल्या शिकारीचे मांस विकायलाही बंदी आहे. ते खायचे, वाटायचे, दान करायचे.

इथे खेचराची किंमत कळते. एक खेचर पासष्ट-सत्तर किलो ओझे अशा वाटेवरून नेते, जिथे माणूस रिकाम्या हातानेही धापा टाकतो. दोन खेचरांत अख्खा एल्क खाली येतो. आउटफिटरच्या हजारो डॉलरांत गाइडच्या ज्ञानाखालोखाल सर्वांत खऱ्या मोलाची गोष्ट ती हीच, आणि ती सुटीही मिळते. कित्येक आउटफिटर फक्त मांस उतरवून देण्याचे काम घेतात. काहीशे डॉलरपासून हजाराच्या पुढे, अंतर पाहून. अट एकच, की त्यांच्याशी शिकारीआधीच बोलून ठेवावे आणि तो डोंगर त्यांच्या परवान्यात बसतो का ते विचारावे, कारण सरकारी वनात असा धंदा करायला वनखात्याची परवानगी लागते. मधला आणखी एक मार्ग आहे. आउटफिटर तुम्हाला घोड्यांवरून दूर आत नेतो, तिथे चूल, सरपण आणि उभारलेला तंबू असतो. तुम्हाला तिथे सोडून तो परत जातो. शिकार तुमची तुम्ही करायची. आठवड्याने तो तुम्हाला आणि मांसाला न्यायला येतो. याला गाइडच्या शिकारीच्या निम्म्याहून कमी खर्च येतो. ज्याला एकांत हवा पण पाठीची मर्यादा ठाऊक आहे, त्याच्यासाठी हा फार शहाणा सौदा आहे.

माझे मत विचाराल तर एकट्याने पहिली एल्क-शिकार कोणी करू नये. धोका अस्वलापेक्षा अंधाराचा, घोट्याचा आणि सप्टेंबरात अचानक कोसळणाऱ्या बर्फाचा असतो. दोन-तीन धडधाकट मित्र असतील, वेळ असेल आणि यंदा नाही तर पुढच्या वर्षी असे म्हणता येत असेल, तर नकाशाचाच रस्ता घ्यावा, गाडीपासून तीन किलोमीटरच्या आत राहावे आणि खेचरवाल्याचा नंबर खिशात ठेवावा. रिकाम्या हाताने परतलेला असा माणूसही पुढच्या खेपेला त्या घळीतला वारा ओळखतो. ज्याला आयुष्यात एकदाच जायचे आहे, किंवा गुडघे बोलू लागले आहेत, त्याने गाइड घ्यावा. पण घेतला तर नुसते त्याच्या मागे मागे चालत राहण्यासाठी घेऊ नये. इथेच का थांबलो, हा ठसा कालचा कशावरून, असे विचारत राहावे. करार करण्याआधी त्या राज्याच्या मंडळाकडे त्याची नोंदणी तपासावी, आणि गेल्या हंगामात ज्यांना एल्क मिळाला नाही अशा दोन पाहुण्यांचे फोन नंबर मागावेत. यशस्वी पाहुण्यांचे नंबर सगळेच देतात.

या दोन्ही वाटांच्या बाहेर उभी असलेली माणसेही याच डोंगरांत आहेत. क्रो या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी अमेरिकी सरकारशी केलेल्या १८६८ च्या तहात आपली बरीच भूमी सोडली, पण मोकळ्या सरकारी जमिनीवर शिकार करण्याचा हक्क राखून ठेवला. २०१४ मध्ये क्लेविन हेरेरा हा क्रो माणूस एल्कच्या मागावर वायोमिंगच्या बिगहॉर्न वनात गेला, तिथे त्याने एल्क मारला आणि राज्याने त्याच्यावर हंगामाबाहेरच्या शिकारीचा खटला भरला. वायोमिंग राज्य झाले तेव्हाच तो हक्क संपला, असे राज्याचे म्हणणे होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की राज्य स्थापन झाल्याने तहातला हक्क संपत नाही. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंती रंगाचे दोन सुळे असतात, एका प्राण्याला फक्त दोन. क्रो स्त्रियांच्या जुन्या पोशाखांवर असे शेकडो दात ओळीने शिवलेले दिसतात. एका पोशाखामागे किती हंगाम, किती हातांची मेहनत असेल! परराज्यातून येणाऱ्याने ज्या डोंगराला अनोळखी म्हटले, तो कोणाच्या तरी आजीच्या वस्त्रावर मोजून ठेवलेला आहे.

शेवटी एक सल्ला, जो शिंगांच्या मोहात सहसा ऐकला जात नाही. पहिल्या खेपेला मादीचा परवाना घ्यावा. कळपांची संख्या आटोक्यात ठेवायला राज्यांना माद्यांची शिकार हवीच असते, म्हणून तो बऱ्याच ठिकाणी सहज मिळतो. वायोमिंगमध्ये मादी किंवा पाडसाचा कमी दराचा परवाना परराज्यातल्यांनाही साध्या परवान्याच्या निम्म्याहून कमी पैशांत पडतो. मांस अधिक मऊ. हंगाम उशिरा, बर्फाने कळप खाली उतरवल्यावरचा, त्यामुळे चढण कमी आणि रस्ता जवळ. वाटाड्या की नकाशा, या प्रश्नाची धारही त्याने बरीच बोथट होते. मादीचे साठ-सत्तर किलो मांस दोन मित्र प्रत्येकी दोन फेऱ्यांत गाडीपर्यंत आणू शकतात, आणि नोव्हेंबरच्या थंडीत ते वाटेत खराब होत नाही.